राजवायू आणि प्लाझ्मा: ग्लो डिस्चार्ज नळीच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2025 | प्रश्न काय आहे

अर्गॉन, हेलियम आणि निऑन कमी दाबावर एकाच नळीत पेटवायचे, प्रत्येकाचे ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्या व्होल्टेजला वायू पेटून वीज वाहू लागतो) मोजायचे, वर्णपट घ्यायचा आणि हवेशी ताडून पाहायचे, असा हा प्रकल्प आहे.

आधी कागदावरचे आकडे. अर्गॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला 15.76 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, नायट्रोजनच्या रेणूतून 15.58, ऑक्सिजनच्या रेणूतून 12.07. यावरून पाहिले तर हवा आधी पेटायला हवी. घडते उलटे: अर्गॉन हवेपेक्षा शंभरेक व्होल्ट आधीच पेटतो. हेलियमला 24.59 लागतात, तरी तोही हवेआधी पेटतो. म्हणजे ‘राजवायू निष्क्रिय, सबब त्यांचा प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू) करणे अवघड’ हा समज चुकीचा आहे. रासायनिक आळस वेगळा आणि विजेपुढचा आळस वेगळा.

कारण इलेक्ट्रॉनच्या हिशेबात आहे. अर्गॉनच्या अणूला 11.55 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली घेण्यासारखी ऊर्जेची पायरीच नाही. त्याहून कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन अणूवर आपटला की नुसता उसळतो आणि एका टकरीत ऊर्जेचा जेमतेम 36,000वा भाग गमावतो. नायट्रोजनचा रेणू मात्र 2 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच कंप पावू लागतो आणि इलेक्ट्रॉनची कमाई वाटेतच खातो. ऑक्सिजन तर इलेक्ट्रॉनच चिकटवून घेतो. राजवायूंत हे दोन्ही चोर नाहीत. म्हणूनच बाहेरचा वायू किती मिसळला, यावर पुढची सगळी मोजमापे अवलंबून राहणार.

16 जून | नळी आणि जोडणी

- नळी: बोरोसिलिकेट काच, बाहेरचा व्यास 60 मिमी, जाडी 3 मिमी, लांबी 300 मिमी. दोन्ही तोंडे सपाट घासलेली, कडा किंचित मोडलेल्या. कड धारदार राहिली तर ओ-रिंग कापते.
- टोकांना ॲल्युमिनियमच्या 15 मिमी जाड चकत्या, खाचेत व्हिटॉन ओ-रिंग. चकत्या आवळायला फायबरग्लासचे आट्यांचे तीन दांडे. लोखंडी दांडे वापरले तर दोन्ही चकत्या शॉर्ट होतात.
- इलेक्ट्रोड: 304 स्टेनलेस स्टील, व्यास 50 मिमी, कडा 3 मिमी त्रिज्येने गोल केलेल्या, शेवटची घासाई 1200 नंबरच्या पॉलिश पेपरवर. ॲनोड 6 मिमीच्या दांड्यावर, दुहेरी ओ-रिंगमधून पुढे-मागे सरकणारा.
- पंप: दोन टप्प्यांचा रोटरी व्हेन, मिनिटाला 100 लिटर. पंप आणि नळी यांच्यामध्ये 13एक्स झिओलाइटचा ट्रॅप. दाब 0.1 मिलिबारखाली गेला की पंपाच्या तेलाची वाफ उलटी नळीकडे सरकू लागते, ती इथे अडते.
- पंपाच्या तोंडाशी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वीज गेली की आपोआप मिटणारा. हा चैनीचा भाग समजू नये. पावसाळ्यात लाइट जाणारच, आणि व्हॉल्व्ह नसेल तर पंपातले तेल निर्वाताकडे ओढले जाते. मग नळीसकट सगळे धुवावे लागते.

चकत्यांचे नट हाताने आवळायचे, मग पान्याने फक्त पाव फेरा. खरा दाब हवाच देते: 60 मिमी व्यासाच्या तोंडावर वातावरणाचा भार सुमारे 29 किलो पडतो. पान्याने अजून आवळले तर ओ-रिंग जास्त घट्ट बसत नाही, काचेचा टवका उडतो.

24 जून | वीजपुरवठा

0 ते 1500 व्होल्ट डीसी, 50 मिलिॲम्पिअर. ॲनोड, त्याच्याकडची चकती आणि पंपाची लाइन अर्थला. कॅथोड ऋण विभवावर. कॅथोडकडची चकतीही जिवंत असते, म्हणून तिच्यावर ॲक्रिलिकचा डबा आणि झाकणाला मायक्रोस्विच. झाकण उघडले की पुरवठा तुटतो, तरीही हात लावण्याआधी अर्थिंग रॉड टेकवायचाच.

बॅलास्ट म्हणून 12 किलोओहम, 25 वॉटचे चार वायरवाउंड रेझिस्टर मालिकेत. एकूण 48 किलोओहम. 10 मिलिॲम्पिअरला त्यांच्यावर 480 व्होल्ट पडतात, प्रत्येकी 1.2 वॉट. नळी पूर्ण शॉर्ट धरली तरी 1500 व्होल्टला 31 मिलिॲम्पिअर आणि प्रत्येकी 12 वॉटच्या आत, म्हणजे रेझिस्टर तगतात. बॅलास्ट नसेल तर ग्लो टिकतच नाही: पेटल्यावर प्रवाह वाढतो तसे नळीवरचे व्होल्टेज उतरते, आणि प्रवाहाला आवर घालणारे सर्किटमध्ये काही उरत नाही.

बॅलास्ट कॅथोडच्या टर्मिनलला अगदी लागून बसवला आहे. तो पुरवठ्याच्या डब्यात ठेवून पुढे दोन मीटर कोॲक्सियल केबल टाकली, तर केबलची सुमारे 200 पिकोफॅरड धारकता बॅलास्टच्या पुढे येते. कमी प्रवाहाला ती भरते, नळीतून रिकामी होते, पुन्हा भरते. मीटरवर आकडा स्थिर दिसतो आणि ऑसिलोस्कोपवर करवतीचे दाते. ब्रेकडाउनचे आकडे विनाकारण विखुरलेले आले तर आधी हे तपासावे.

3 जुलै | निर्वात आणि गळती

पंप तासभर चालवून 0.005 मिलिबार. व्हॉल्व्ह बंद करून 10 मिनिटांनी 0.05. नळी आणि लाइन मिळून आकारमान सुमारे 1 लिटर, म्हणजे वाढीचा दर सेकंदाला 7.5 × 10⁻⁵ मिलिबार-लिटर.

हा आकडा लहान वाटतो. त्याचा अर्थ लावून पाहू. 1 मिलिबार अर्गॉन भरून नळी बंद ठेवली तर 10 मिनिटांत त्यात साडेचार टक्के परका वायू. तोच अर्गॉन सुईच्या व्हॉल्व्हमधून वाहता ठेवला आणि पंपाचा प्रभावी वेग 0.5 लिटर प्रति सेकंद धरला, तर गळतीचा वाटा फक्त 0.015 टक्के. अर्गॉन स्वस्त आहे, तो वाहता ठेवून भागेल. निऑनला हे परवडणार नाही, तेव्हा गळती शोधणे भाग आहे.

वाढ गळतीची की भिंतींतून सुटणाऱ्या वाफेची, हे आलेखावर ओळखता येते. गळतीत दाब सरळ रेषेत चढतो. वाफेची चढण हळूहळू सपाट होते. इथे रेषा सरळच होती.

8 जुलै

पुरवठा बंद करून, प्लग काढून, प्रत्येक सांध्यावर सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला. सरकत्या दांड्याच्या सीलवर थेंब पडताच पिरानी गेजचा (दाब मोजणाऱ्या यंत्राचा) काटा उडाला. दांड्यावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडा होता. नवा दांडा घासून-पुसून बसवला, ओ-रिंगला ग्रीसचा नुसता हात फिरवला. ग्रीस थापले की ते स्वतःच वाफ सोडते. आता दर 3 × 10⁻⁶. ॲसिटोन या कामाला वापरू नये, त्याने व्हिटॉन फुगते.

15 जुलै | हवा, तुलनेसाठी

पद्धत ठरवून टाकली. व्होल्टेज 2 व्होल्टच्या पायरीने चढवायचे, प्रत्येक पायरीवर 10 सेकंद थांबायचे, दोन मोजमापांत एक मिनिट सोडायचा, आणि दहांतला सर्वांत खालचा आकडा धरायचा. सरासरी का नाही? पेटायला पहिला इलेक्ट्रॉन कुठून तरी यावा लागतो, आणि तो यायला कधी सेकंद लागतात. घाईने चढवले तर तेवढ्यात व्होल्टेज पुढे निघून जाते आणि आकडा नेहमी वरच्या बाजूलाच चुकतो.

प्रोबचा रोध 100 मेगाओहम, जोडणी बॅलास्टच्या नळीकडच्या टोकाला. हवेचा सर्वांत कमी आकडा 348 व्होल्ट, दाब गुणिले अंतर 0.8 मिलिबार-सेंमीजवळ. पाशेनच्या वक्राचा (दाब गुणिले अंतर बदलले की ब्रेकडाउन व्होल्टेज कसे बदलते त्या आलेखाचा) पुस्तकी तळ हवेसाठी 327 व्होल्टच्या आसपास असतो. स्टीलच्या न तापवलेल्या कॅथोडसाठी हा फरक रास्त आहे.

22 जुलै | अर्गॉन

99.999 टक्क्यांचा सिलिंडर, दोन टप्प्यांचा रेग्युलेटर. रेग्युलेटर आणि पाइप यांत अडकलेली हवा आधी काढायची: पंपाने ओढायचे, अर्गॉन भरायचा, पुन्हा ओढायचे, असे पाच वेळा. नुसता ‘थोडा वेळ गॅस सोडला’ तर रेग्युलेटरच्या पोकळीतली हवा तास तास झिरपत राहते.

पिरानी गेजबद्दल. हे गेज तापलेली तार किती थंड होते त्यावरून दाब सांगते, म्हणजे मोजते वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता. नायट्रोजनवर लावलेल्या गेजचा आकडा 1 मिलिबारखाली अर्गॉनसाठी 1.7 ने गुणायचा, निऑनसाठी 1.4 ने, हेलियमसाठी 0.8 ने. त्यावरच्या दाबाला गुणक चालत नाही. तिथे वायूच्या जातीशी देणेघेणे नसलेले डायफ्रॅमचे कपॅसिटन्स गेजच हवे. यात धोकाही आहे. कन्व्हेक्शन प्रकारचे पिरानी वातावरणाच्या दाबाचा अर्गॉन असताना जेमतेम 24 टॉर (सुमारे 32 मिलिबार) दाखवते. आकडा कमी दिसतो म्हणून सिलिंडर उघडा ठेवला तर काचेची नळी आतून फुटेल. म्हणून लाइनवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला आहे.

अर्गॉनचा तळ 224 व्होल्ट, 1.4 मिलिबार-सेंमीला. हवेपेक्षा 124 व्होल्ट खाली.

29 जुलै | डावी बाजू सपाट का

तळाच्या डावीकडे, म्हणजे दाब आणखी उतरवला की, वक्र झपाट्याने वर चढायला हवा. तो चढेना. 0.5 मिलिबार-सेंमीलाही आकडा 240च्या घरात. दिवे मालवून पाहिल्यावर उलगडा झाला: उजेड दोन इलेक्ट्रोडच्या मधे नव्हताच. तो कॅथोडच्या पाठीमागून, दांड्यावरून निघून, लांबचा वळसा घेऊन अर्थच्या चकतीकडे जात होता. कमी दाबाला डिस्चार्जला लांबचा रस्ता सोपा पडतो, कारण त्या रस्त्यावर दाब गुणिले अंतर बरोबर तळाशी येते.

उपाय: दांड्यावर अल्युमिनाची नळी, कॅथोडच्या पाठीशी काचेची चकती, आणि कडेला काचेच्या भिंतीपासून फट फक्त 2 मिमी. पाठीला टेफ्लॉन लावण्याचा मोह टाळला. आयनांच्या माऱ्याखाली ते विघटते आणि फ्लोरिनयुक्त वायू सोडते. वर्णपट तिथेच गढूळ होतो. आता 0.7 मिलिबार-सेंमीला आकडा 410वर गेला. डावी बाजू उभी राहिली.

5 ऑगस्ट | अर्गॉनचा वर्णपट, कॅथोडची सफाई

स्पेक्ट्रोमीटर 200 ते 1000 नॅनोमीटर, वियोजन 1.5 नॅनोमीटर. डोळ्याला अर्गॉन जांभळट-गुलाबी दिसतो, पण त्याच्या ठळक रेषा तांबड्याच्या पलीकडच्या टोकाला आहेत: 696.5, 750.4, 763.5, 811.5.

पहिल्या पंधरा मिनिटांत 656.3 ला हायड्रोजनची आणि 309 जवळ हायड्रॉक्सिलची रेषा: पाणी. पावसाळी हवेत नळी उघडली की काचेवर आणि स्टीलवर पाण्याचा थर बसतोच. त्यामुळे इथून पुढे नळी उघडताना आत हवा न घेता कोरडा अर्गॉन भरायचा. 337.1 ची नायट्रोजनची रेषा गळती सांगते. वर्णपट हेच इथले सर्वांत चांगले गळतीमापक आहे. पिरानीला जे दिसत नाही ते याला दिसते.

10 मिलिॲम्पिअरवर अर्धा तास चालवल्यावर पाणी ओसरले आणि ब्रेकडाउनचा विखुरलेपणा 40 व्होल्टवरून 5वर आला. किंमत म्हणून कॅथोडलगतच्या काचेवर तपकिरी धातूचा पडदा. अर्गॉनचे आयन जड, 40 अणुभाराचे. ते स्टीलचे अणू उखडून काचेवर फेकतात. हा पडदा वाढून कडे बनला की तोच इलेक्ट्रोडसारखा वागतो. सौम्य नायट्रिक आम्लाने काच पुसून काढायची, हातमोजे घालून.

एक हिशेब इथेच लिहून ठेवू. 1 मिलिबारला घनमीटरमध्ये 2.4 × 10²² अणू असतात. अशा ग्लोमध्ये इलेक्ट्रॉनची घनता 10¹⁵ ते 10¹⁶ च्या दरम्यान असते. म्हणजे हा ‘प्लाझ्मा’ साधारण कोटी अणूंमागे एका आयनाचा आहे, बाकी वायू थंड आणि उदासीनच. नळी हाताला कोमट लागते ती त्यामुळेच.

21 ऑगस्ट | हेलियम

फुग्यांसाठी विकला जाणारा हेलियम इथे चालत नाही, त्यात हवा असू शकते; 99.999चाच घेतला. तळ उजवीकडे सरकतो, 5 मिलिबार-सेंमीच्या पुढे, कारण हेलियमचा अणू लहान आणि इलेक्ट्रॉनला टकरी कमी मिळतात. आकडा 205 व्होल्ट.

रेषा 388.9, 501.6, 587.6, 667.8, 706.5. याखेरीज 391.4 ला एक जोमदार रेषा, जी हेलियमची नाही. ती नायट्रोजनच्या आयनाची. हेलियमच्या अणूला 19.82 इलेक्ट्रॉन व्होल्टची एक दीर्घजीवी पायरी आहे. तिथे अडकलेला अणू प्रकाश टाकून सुटू शकत नाही, कुणाला तरी धडकून ऊर्जा द्यावी लागते. ती नायट्रोजनला फोडायला पुरून उरते. त्यामुळे हेलियममध्ये नायट्रोजनचा अंश असला तरी 391.4 चमकते.

587.6 विषयी: ही सोडियमच्या 589.0 आणि 589.6 या जोडीशेजारची तीच पिवळी रेषा, जी 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणानंतर चर्चेत आली. ते ग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने हेलियम शोधल्याचे कोकणात आवर्जून सांगितले जाते, पण लॉकयरने ही रेषा पाहिली 20 ऑक्टोबरला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. आपल्या 1.5 नॅनोमीटरच्या यंत्राला 587.6 आणि 589.0 नीट सुटी करता येत नाहीत, तेव्हा मेणबत्तीत मीठ टाकून सोडियमचा संदर्भ आधी घ्यावा.

काचेवर पडदा जवळजवळ नाही. अणुभार 4, मारा हलका.

26 ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. नळी 0.005 मिलिबारला ओढून व्हॉल्व्ह बंद. पुरवठ्याचा प्लग काढला, सिलिंडर मुख्य व्हॉल्व्हवर बंद.

8 सप्टेंबर

कपॅसिटन्स गेजवर 3.1 मिलिबार. साडेबारा दिवसांत 3 × 10⁻⁶ च्या दराने 3.2 यायला हवे होते. गळतीचा आकडा खरा आहे.

12 सप्टेंबर | निऑन

निऑन महाग, म्हणून वाहता न ठेवता बंद नळीत भरला: 10 मिलिबार, अंतर 6 सेंमी. आताच्या गळतीने 10 मिनिटांत फक्त 0.018 टक्के हवा शिरेल. जुलैतल्या गळतीने हाच आकडा 0.45 टक्के झाला असता.

पहिले ब्रेकडाउन 318 व्होल्ट. मग लाइन पाच वेळा धुतली, कॅथोड अर्धा तास चालवला, ताजा निऑन भरला. आकडा 402. सफाईने अर्गॉनचा आकडा खाली आला होता. निऑनचा वर गेला. गेज तपासले, प्रोब तपासला, बरोबर आहेत.

स्पष्टीकरण दीर्घजीवी पायऱ्यांतच आहे. अर्गॉनची 11.55 वर आहे, नायट्रोजन (15.58) किंवा ऑक्सिजन (12.07) फोडायला ती पुरत नाही. त्यामुळे अर्गॉनमध्ये हवा आली की तोटाच: ऊर्जा खाल्ली जाते, आयन मिळत नाही. निऑनची 16.62 वर आहे. ती नायट्रोजन, ऑक्सिजन, अर्गॉन, सगळ्यांना फोडते. म्हणून किंचित अशुद्ध निऑन शुद्ध निऑनपेक्षा लवकर पेटतो. यालाच पेनिंग परिणाम म्हणतात.

19 सप्टेंबर | मिश्रण

0.1 टक्का अर्गॉन थेट नळीत घालायचा तर 10 मिलिबारमध्ये 0.01 मिलिबार मोजावा लागेल. पिरानी तिथे 0.006 दाखवील, आणि नळीचा मूळ दाबच 0.005 आहे. असल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

त्याऐवजी 5 लिटरची स्टीलची टाकी: निर्वात करून 1.0 मिलिबार अर्गॉन (कपॅसिटन्स गेजवर), मग निऑनने एकूण 1000 मिलिबार. क्रम उलटा केला तर भरलेल्या टाकीत 1 मिलिबारची भर मोजावी लागते, जी मोठ्या गेजच्या चुकीत बुडते. वायू एकमेकांत पसरायला टाकीत काही मिनिटे पुरतात, पण अर्गॉनचा काही भाग अरुंद पाइपमध्ये अडकलेला असतो, रात्रभर ठेवावे.

24 सप्टेंबर

त्याच 10 मिलिबार, 6 सेंमीला: निऑन 402, निऑनमध्ये 0.1 टक्का अर्गॉन 238, 1 टक्का अर्गॉन 276 व्होल्ट. हजारात एक अणू बदलला आणि 164 व्होल्ट उतरले. एक टक्क्याला आकडा पुन्हा चढतो, कारण आता इलेक्ट्रॉन अर्गॉनच्याच खालच्या पायऱ्यांवर ऊर्जा खर्च करू लागतात आणि निऑनच्या 16.62 पर्यंत पोहोचणारे घटतात.

हा फरक वक्राच्या तळाशी मोजला असता तर खूपच कमी दिसला असता. जास्त दाबाला, लांब अंतराला तो फुगतो, कारण तिथे इलेक्ट्रॉनला दोन टकरींमध्ये फारशी ऊर्जा मिळत नाही आणि दीर्घजीवी अणूंना अर्गॉन गाठायला वेळ मिळतो.

मिश्रणातही नारिंगी 585.2 आणि 640.2 याच रेषा ठळक; 0.1 टक्क्याला अर्गॉनची 763.5 जेमतेम कळते. पेटवतो अर्गॉन आणि दिसतो निऑन. इंडिकेटरच्या निऑन दिव्यांत, टेस्टरमध्येसुद्धा, थोडा अर्गॉन घालतात तो याचसाठी.

टाकीत 980 मिलिबार शिल्लक. 0.5 टक्क्याचे मिश्रण पुढच्या आठवड्यात, त्याआधी कॅथोडकडची ओ-रिंग बदलायची आहे. ती चपटी झाली आहे.